कागद आधी, भूत नंतर: चायनाटाउनची अद्भुतकथा लिहायला बसताना

माझ्या पहिल्या चायनाटाउन-कथेत नऊ शेपट्यांची कोल्हीण होती. सॅन फ्रान्सिस्को, धुकं, गॅसचे दिवे, आणि साल ‘एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कधीतरी’. ओळखीच्या एका कँटनीज आजींना मी ती तोंडी इंग्रजी करून ऐकवली. आजींनी चहा संपवला आणि विचारलं, “तुझी कोल्हीण बोटीतून उतरली कशी? तिच्याकडे कागद होते?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या प्रश्नात दोन चुका पकडल्या गेल्या होत्या. पहिली म्हणजे बायकांचं रूप घेणाऱ्या कोल्हिणींचा दरारा मुख्यतः उत्तर चीनमधला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत आलेली माणसं होती पार दक्षिणेच्या ग्वांगडोंगमधली. दुसरी मोठी. १८७५ च्या पेज कायद्यानंतर त्या बंदरात उतरणारी प्रत्येक चिनी बाई वेश्या असल्याच्या संशयानेच तपासली जायची, आणि १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी होती. माझी कोल्हीण धक्क्यावरच अडकली असती. मी मात्र तिला थेट रेशमी झग्यात गच्चीवर उभी केली होती.

तेव्हापासून या प्रकारच्या गोष्टी लिहिण्याची माझी एक पद्धत बसली आहे. चिनी न येणाऱ्या, पण स्थलांतरितांची ऐतिहासिक अद्भुतकथा मराठीत लिहून पाहायची इच्छा असलेल्यांसाठी ती इथे मांडतो. पायऱ्या क्रमाने करा. भूत पाचव्या पायरीच्या आधी कागदावर आणू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

पायरी १: एक गल्ली, एक साल

‘चायनाटाउन’ हे कथेचं स्थळ होत नाही, जसं नुसतं ‘पुणे’ होत नाही. सदाशिव पेठ की भवानी पेठ, पानशेतच्या आधी की नंतर, हे ठरल्याशिवाय आपण पुण्यावर ओळ लिहीत नाही. तिथलं पानशेत म्हणजे १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि त्याच्या मागून लागलेली आग. जुनं चायनाटाउन त्यात जळून गेलं. आज पर्यटक बघतात ती पागोडाच्या छपरांची वस्ती नंतरची आहे. तुमची कथा १९०० ची असेल तर ती छपरं काढून टाका. तेव्हा होत्या साध्या विटांच्या इमारती आणि त्यांना लावलेल्या रंगीत बाल्कन्या.

मी वेव्हर्ली प्लेस धरून बसलो आहे. जेमतेम दोन चौकांची गल्ली. समुद्रदेवी थिन हाउचं देऊळ इथलंच. आजही ते इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, कारण देवीच्या डोक्यावर कुणाचे पाय नकोत. खाली न्हाव्यांची दुकानं इतकी की लोक तिला ‘पंधरा सेंटांची गल्ली’ म्हणायचे. २३ जानेवारी १८९७ ला ‘लिटल पीट’ म्हणून ओळखला जाणारा बडा व्यापारी आणि टोळीप्रमुख फोंग चिंग याला याच गल्लीत न्हाव्याच्या खुर्चीवर गोळ्या घातल्या. एका गल्लीत देवी, वस्तरा आणि पिस्तूल. अजून काय हवं?

गल्लीचा नकाशा मिळवा. १८८५ मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने चायनाटाउनचा एक रंगीत नकाशा छापला होता, तो इंटरनेटवर सहज मिळतो. घर न् घर दिसतं. पण बघताना डोकं ताळ्यावर ठेवा, कारण तो काढणाऱ्यांना ही वस्ती उठवायचीच होती. जुगाराचे अड्डे, कुंटणखाने, अफूची ठिकाणं यांना वेगळे ठसठशीत रंग. औषधवाला, भाजीवाला, पत्रलेखक, शिंपी हे सगळे एकाच फिकट रंगात. तुमची पात्रं त्या फिकट रंगात राहतात. छायाचित्रांचंही तसंच. आर्नोल्ड गेंथेने भूकंपापूर्वीच्या चायनाटाउनचे जे सुंदर फोटो काढले, त्यांतल्या काहींमधून इंग्रजी पाट्या आणि गोरी माणसं त्याने स्वतःच पुसून टाकली होती. वस्ती जास्त ‘पौर्वात्य’ दिसावी म्हणून. म्हणजे आपण ज्याला पुरावा समजतो, तीही कुणाची तरी अद्भुतकथाच.

पायरी २: डाव्या पानावर कायदा, उजव्या पानावर भीती

साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर त्या काळचा एकेक कायदा साल घालून लिहा. समोरच्या पानावर, हा कायदा झाल्यावर रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला कशाची धास्ती वाटली असेल, ते एका वाक्यात. कथा नेहमी उजव्या पानावर सापडते.

माझ्या वहीतली काही पानं दाखवतो.

१८७० चा नगरपालिकेचा नियम: राहत्या खोलीत प्रत्येक माणसामागे ५०० घनफूट हवा हवी. कागदावर आरोग्याचा, प्रत्यक्षात दाटीवाटीने राहणाऱ्या चिनी मजुरांना मध्यरात्री उठवून पकडण्याचा. उजव्या पानावर मी लिहिलं: पोलीस खोलीत डोकी मोजतात, नऊ भरतात; खोलीतल्यांना माहीत आहे की दहावा आहे, पण तो श्वास घेत नाही.

१८७६ चा वेणीचा नियम: तुरुंगात आलेल्या प्रत्येकाचे केस इंचभर ठेवून कापायचे. चीनमध्ये तेव्हा असलेल्या छिंग राजवटीत वेणी नसणं म्हणजे राजद्रोह, म्हणजे वेणी गेली की गावी परतायचा रस्ता बंद. १८७९ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द केला. उजवं पान: कापलेल्या वेण्या कुठे गेल्या?

१८९२ चा गीरी कायदा: प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला सतत जवळ बाळगायचा, पुढच्या वर्षी त्यावर फोटो लावणंही आलं. उजवं पान: मेलेल्या माणसाचा दाखला कुणाच्या खिशात आहे?

आणि १८७८ चा, माझ्या सर्वांत आवडीचा. कॅलिफोर्निया राज्याने ठरवलं की पुरलेलं प्रेत उकरून बाहेर न्यायचं तर परवाना काढा आणि १० डॉलर भरा. हा नियम कुणावर रोखलेला होता ते उघड आहे. चिनी मजूर परक्या मातीत मेला तर त्याला तात्पुरतं पुरत. काही वर्षांनी हाडं काढायची, धुऊन मोजायची, पेटीत भरून वर नाव आणि गाव घालायचं, आणि बोटीने हाँगकाँगला पाठवायचं. तिथे तुंग वाह हे रुग्णालय, १८७० मध्ये स्थापन झालेलं, अशा पेट्या गावोगाव पोचवण्याची व्यवस्था बघे. हाडं गावी गेली नाहीत, पोटच्या पोरांनी नैवेद्य दाखवला नाही, तर माणूस उपाशी भूत होऊन भटकतो. आता या गरजेवर १० डॉलरचा कर बसवा. उजवं पान मला लिहावंच लागलं नाही.

अशी दहा पानं भरा. दहाच. पन्नास भरलीत तर तुम्ही संशोधक व्हाल, आणि ते लोक कथा पूर्ण करत नाहीत.

पायरी ३: माणसं कुठल्या गावची?

‘चिनी’ हे उत्तर चालणार नाही. त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोतली बहुसंख्य माणसं पर्ल नदीच्या मुखाजवळच्या चार तालुक्यांमधून आली होती. त्यांत सगळ्यात मोठा वाटा आज थोइसान म्हणतात त्या भागाचा (१९१४ पर्यंत त्याचं नाव वेगळं होतं, सन-निंग; कथेत तेच वापरा). सधन व्यापारी बरेचसे शेजारच्या तीन तालुक्यांतले. या चार आणि तीन तालुक्यांत विस्तव जात नव्हता. वर ज्याचा खून सांगितला तो तीनवाला होता.

प्रत्येक तालुक्याचं एक मंडळ. बोटीवरून उतरलेल्याला न्यायला माणूस यायचा, झोपायला जागा मिळायची, उधारी नोंदवली जायची, आणि मेल्यावर हाडांची पेटीही मंडळच पाठवायचं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. धोबीतलावला गोंयकारांचे गाववार कूड होते, गिरणगावात एकेका गावच्या चाकरमान्यांच्या खोल्या होत्या. एका खोलीत पंधरा ट्रंका, भिंतीवर गावच्या देवाची तसबीर, आणि गावची भांडणं जशीच्या तशी. तो वास ओळखीचा आहे ना? तो वापरा. फक्त तुलना कथेत घालू नका. तुलना तुमच्यासाठी, वास वाचकासाठी. आणि एक फरक विसरू नका: कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी जायचा. यांना मधे प्रशांत महासागर होता, आणि एकदा गेलं की परत यायला मिळेलच याची खात्री नव्हती.

वस्ती पुरुषांची. बायका फारच थोड्या. १८९० च्या जनगणनेत शहरात सुमारे २६ हजार चिनी होते. १९०० मध्ये सुमारे १४ हजार. दहा वर्षांत वस्ती निम्म्यावर आली. रिकाम्या होत जाणाऱ्या खोल्या हे भुतांच्या गोष्टीला केवढं मोठं देणं आहे!

पायरी ४: आपली भुतं घरी ठेवा

मराठी लेखकाचा सगळ्यात मोठा मोह इथे आडवा येतो. जलभूत आलं की आपण म्हणतो, अरे हा तर गिऱ्हा! नव्हे. कोकणातला गिऱ्हा माणसाला पाण्यात ओढतो, झुलवतो, छळतो, कधी वशही होतो. चिनी जलभूताचं प्रकरण हिशेबाचं आहे. बुडून मेलेला माणूस त्या पाण्यात अडकून पडतो आणि त्याच्या जागी दुसरा बुडवल्याशिवाय त्याला पुढचा जन्म मिळत नाही. बदली कामगार दिल्याशिवाय सुट्टी नाही. आता हे भूत सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर ठेवून बघा, जिथे उतरणारा प्रत्येक जण आधीच कुणाच्या तरी बदल्यात, कुणाच्या तरी कर्जावर आलेला आहे.

उड्या मारणारं ताठ प्रेत तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल. मुळात परगावी मेलेल्यांना मांत्रिक चालवत घरी नेतो, ही हूनान प्रांताच्या डोंगराळ भागातली समजूत. दरबारी पोशाखातलं, कपाळावर पिवळा कागद चिकटवलेलं जे रूप डोळ्यांसमोर येतं, ते १९८० च्या दशकातल्या हाँगकाँगच्या सिनेमांनी जगभर नेलं. १९०० च्या कथेत ते तसंच उचललंत तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. शिवाय उड्या मारत महासागर ओलांडता येत नाही. पेटीच लागते.

देवही नीट निवडा. थिन हाउ ही मूळची फूजियनच्या किनाऱ्यावरची लिन घराण्यातली मुलगी. समाधी लावून वादळात सापडलेल्या बापाला आणि भावांना वाचवणारी. बोटीत बसलेला प्रत्येक जण तिच्या नावाने उदबत्ती लावून आलेला. दुसरा लाल चेहऱ्याचा सेनापती क्वान कुंग, दिलेल्या शब्दाचा देव. व्यापारी त्याला भजतो आणि त्या व्यापाऱ्याकडून हप्ता घेणारी टोळीही. एकाच मूर्तीसमोर दोघं आमनेसामने आले तर काय होईल, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. हवा असेल तर घ्या.

(जाता जाता: चिनी देवळांना इंग्रज ‘जॉस हाउस’ म्हणत. हा ‘जॉस’ चिनी नाहीच. पोर्तुगीज ‘देउश’ बंदरांच्या धेडगुजरी बोलीत घासून घासून तसा झाला. गोव्यातल्या वाचकाला ते लगेच कानाला जाणवेल.)

आणि शेवटचं भूत गोरं. कँटनीजमध्ये परदेशी माणसाला सर्रास ‘फान क्वै’ म्हणत, म्हणजे परकं भूत. याचा फायदा घ्या. पात्रांच्या संवादात पोलिसाला, आरोग्य अधिकाऱ्याला, मिशनच्या बाईंना ‘भूत’च म्हणू द्या. वाचकाला काही पानं कळतच नाही की दार कोण ठोठावतंय. ही क्लृप्ती एका कथेत एकदाच वापरता येते.

पायरी ५: जादू कागदाची आहे

ताओवादी पुरोहिताचं मुख्य हत्यार तलवार नव्हे, कागद. ‘फू’ म्हणजे पिवळ्या कागदावर लाल शाईने काढलेली, अर्धी अक्षरं अर्धी रेघा अशी सनद. तिची भाषा सरकारी हुकमाची असते: अमुक देवाच्या आज्ञेवरून तमुक भुताने ताबडतोब हटावं. परलोक म्हणजे भलीमोठी कचेरी, तिथे हुद्दे आहेत, शिक्के आहेत, अर्ज फेटाळले जातात. फू दारावर लावतात, जाळून राख पाण्यातून पितात. मेलेल्यांसाठी कागदी पैसे, कागदी कपडे जाळतात. अंत्ययात्रेत भोकं पाडलेले कागद उधळतात. पाठलाग करणाऱ्या भुताला प्रत्येक भोकातून जावं लागतं आणि त्यात त्याचा वेळ मोडतो.

आता दुसऱ्या पायरीची वही शेजारी ठेवा. दाखला, परवाना, फोटो, शिक्का. जिवंत माणसालाही कागदाशिवाय अस्तित्व नाही आणि मेलेल्यालाही नाही. मला विचाराल तर या वस्तीची अद्भुतकथा याच सांध्यावर उभी राहते. बाकी ड्रॅगन वगैरे सजावट. तुमचा मांत्रिक आणि इमिग्रेशनचा कारकून हे एकाच धंद्यातली दोन माणसं आहेत असं समजून लिहा.

१९०६ च्या आगीने तर लेखकांवर उपकारच केले. शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. मग शेकडो लोकांनी सांगितलं, मी इथेच जन्मलो, नोंद? ती जळाली. इथे जन्मलेला चिनी माणूसही नागरिक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्येच वोंग किम आर्कच्या खटल्यात दिलेला होता. नागरिकाची मुलं येऊ शकतात, म्हणून न जन्मलेल्या मुलांची नावं लावली गेली, ती नावं विकली गेली, आणि ‘कागदी मुलगे’ बोटी भरून आले. चिनी समजुतीप्रमाणे कागद जाळला की तो परलोकात खरा होतो. इथे कागद जळाले आणि मुलगे खरे झाले. हे मी रचलेलं नाही.

त्या मुलांची तपासणी व्हायची तीही बघा. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंडवर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावर. घराला पायऱ्या किती? तांदळाचा डबा कुठे? गल्लीत तिसऱ्या घरात कोण राहतं? बोटीवर पाठ करायला उत्तरांची वही मिळायची आणि किनारा दिसायच्या आत ती समुद्रात फेकायची. खाली तळाशी जलभूतं आहेत, आणि त्यांना आता सगळ्यांची उत्तरं पाठ आहेत. ही कल्पना मात्र माझी, आणि ती मी वापरणार आहे. तुम्ही दुसरी शोधा.

पायरी ६: पंचांग उघडा

चिनी पंचांग आपल्याला परकं नाही. चांद्र महिने, आणि हिशेब जुळवायला अधिक महिना. शिवाय सूर्यावर चालणारे चोवीस टप्पे, आपल्या संक्रांतीसारखे, म्हणून दरवर्षी जवळपास त्याच तारखेला येणारे. मी १९०० हे साल का निवडलं ते यावरून कळेल. त्या वर्षी चिनी नवं वर्ष ३१ जानेवारीला सुरू झालं, आणि ते उंदराचं वर्ष होतं. त्याच वर्षी आठवा महिना अधिक आला, जो अपशकुनी मानतात. मार्चच्या ५-६ तारखेला ‘किडे जागे होण्याचा’ टप्पा येतो. ग्वांगडोंगकडच्या बायका त्या दिवशी कागदी बाहुलीला जोड्याने बडवतात, पाठीमागे वाईट चिंतणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून.

आणि ६ मार्च १९०० ला चायनाटाउनमध्ये प्लेगचा पहिला मृत्यू नोंदला गेला. उंदराच्या वर्षात.

असा योग कथेत घालताना एकच पथ्य: पात्राला त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. त्यांच्यासाठी तो योगायोग नाहीच.

पायरी ७: नावं, उच्चार, हाका

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. कँटनीजमध्ये ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ यांत फरक असतो, अगदी आपल्यासारखा. रोमन लिपीत तो हरवतो. टोळ्यांसाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘टाँग’ खरं तर ‘थोंग’, म्हणजे दिवाणखाना, सभागृह. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी कॅलिफोर्नियाला नाव दिलं ‘कम सान’, सोन्याचा डोंगर. सॅक्रामेंटो स्ट्रीटला ‘थोंग यन काय’, थांग लोकांचा रस्ता (थांग हे जुन्या राजवटीचं नाव; दक्षिणेकडचे चिनी स्वतःला तिचे लोक म्हणवत). इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करू नका. कँटनीज उच्चार ऐकवणारे शब्दकोश फुकट उपलब्ध आहेत, त्यांत ऐका आणि कानाला जे येईल ते लिहा. मँडरिन, म्हणजे उत्तरेकडच्या सरकारी भाषेचे उच्चार मात्र टाळा. त्या गल्लीत मँडरिन बोलणारा माणूस वकिलातीतला असेल, नाहीतर वाट चुकलेला.

आडनाव आधी. मजूर एकमेकांना नावाआधी ‘आ’ लावून हाक मारतात. अमेरिकन कारकुनांनी तो ‘आ’च आडनाव म्हणून लिहून घेतला, आणि कितीतरी कुटुंबं कागदोपत्री ‘आ’ झाली. शिकलेल्या माणसाला ‘सिन-सांग’. मी त्याचं मराठी ‘मास्तर’ करतो. ‘महोदय’ केलंत तर सगळा मामला भाषांतरित वाटेल.

पायरी ८: आता पहिला प्रसंग

६ मार्चला जो गेला, तो एका हॉटेलच्या तळघरात राहणारा माणूस. शवविच्छेदनात त्याच्या सुजलेल्या गाठीचा अंश काढून एंजल आयलंडवर डॉ. जोसेफ किनयन यांच्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. किनयननी तो गिनीपिग, उंदीर आणि एका माकडाला टोचला. इकडे ७ मार्चच्या पहाटेपासून पोलिसांनी चायनाटाउनभोवती दोरखंड बांधला. गोरे बाहेर सोडले, चिनी आत राहिले. दोन-तीन दिवसांत दोर सुटला. मग जनावरं मेली, माकडासकट. मे अखेरीस पुन्हा नाकेबंदी झाली, तीही अशी वाकडीतिकडी की गोऱ्यांच्या इमारती बरोबर वगळल्या जाव्यात. जूनच्या मध्यावर न्यायाधीश मॉरो यांनी ती बेकायदा ठरवली.

मराठी माणसाला ही कथा आतून कळते, आणि त्याचं कारण नुसती सहानुभूती नव्हे. तीच साथ. १८९४ ला हाँगकाँग, सप्टेंबर १८९६ ला मुंबईतल्या मांडवीत, जिथे मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती ओळखली. मग पुणे, सोजिरांची घरझडती आणि २२ जून १८९७ ची रात्र. मे १९०० मध्ये चायनाटाउनमधल्या लोकांना जी लस जबरदस्तीने टोचायला निघाले होते ती हाफकिनची, म्हणजे जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने आधी स्वतःला टोचून घेतलेली. दाराशी आलेला परका शिपाई, काखेत-जांघेत चाचपणारे हात, आजारी माणूस लपवणारं घर: आपल्याकडे या आठवणी खापरपणजोबांच्या गोष्टींत अजून आहेत. त्या आठवणीतली भीती घ्या. चापेकर मात्र वेव्हर्ली प्लेसवर नेऊन उभे करू नका.

माझा पहिला मसुदा असा होता:

“वेव्हर्ली प्लेसवर दाट धुकं पसरलं होतं. पत्रलेखकाच्या अंगावर काटा आला. समोर एक पांढरीफटक आकृती तरंगत होती. तिचे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते.”

हे धुकं लंडनमध्येही चालेल आणि लोणावळ्यातही. आता वही आणि पंचांग समोर ठेवून पुन्हा लिहिलेला:

“दोर बांधल्यापासून गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून तो समोर येऊन बसला तेव्हा पत्रलेखकाने दिव्याची वात वर केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

‘कुणाला?’

‘आईला.’

‘गाव?’

त्याने गाव सांगितलं. पत्रलेखकाच्या गावापासून दोन कोसांवरचं.

‘लिहा, मास्तर, की हाडं येतील. वेळ लागेल, पण येतील. मंडळाकडे पैसे भरलेत.’

कुंचला चालत राहिला.

‘सगळी नाही येणार,’ तो म्हणाला. ‘जांघेतला एवढासा तुकडा भुतांनी बेटावर नेलाय. माकडाला दिलाय.’

पत्रलेखकाने कुंचला उचलून धरला. शाईचा थेंब कागदावर पडला.

‘हे आईला कळवायचं?’

‘छे. हे दुसऱ्या कागदावर. पिवळ्या.’”

बघा, यात एकही गोष्ट भीतिदायक दिसावी म्हणून घातलेली नाही. हाडांची पेटी खरी, मंडळाची वर्गणी खरी, दोर खरा, माकड खरं. माणूस मात्र मी बदलला. ज्याचं नाव नोंदींत आहे त्याच्या तोंडी मी माझी वाक्यं घालत नाही. त्याच्यासारखंच मरण आलेला दुसरा कुणीतरी उभा करतो. हे पथ्य पाळा. कुणाच्या तरी पणजोबांना भूत करताना एवढं देणं लागतोच.

मसुदा झाला की लाल पेन घ्या आणि तीन गोष्टी शोधा: अफू, गुप्त भुयार, गूढ हसणारा म्हातारा. सापडतील तिथे कापा. अफू होती, नाही असं नाही. पण ती दाखवायची असेल तर ती पिणाऱ्याच्या कंबरेचं रेल्वे बांधतानाचं दुखणं आधी दाखवा. भुयारांच्या गोष्टी बहुतेक पर्यटकांना फिरवणाऱ्या वाटाड्यांनी रंगवल्या. तळघरं होती, ती पुरेत.

मग ते कुणाला तरी वाचून दाखवा, ज्याच्या घरात ही भाषा बोलली जाते अशा माणसाला. माझ्या त्या आजींनी वरचा प्रसंग ऐकला. माकडाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “पत्राचे पैसे किती घेतले?”

मला माहीत नाही. कॅलिफोर्नियाची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर फुकट चाळता येतात, त्यांत शोधतो आहे. सापडेपर्यंत आकडा रचणार नाही. त्या ओळीत तूर्त एवढंच आहे, की नाणी थंड होती आणि पत्रलेखकाने ती दोनदा मोजली.